परीक्षेचे भय आणि मिटलेले पुस्तक

माघ सरत येतो, आंब्याचा मोहोर झडून बारीक कैऱ्या दिसू लागतात, आणि त्याच सुमारास आमच्या बेळगाव भागातील घराघरांत एक न बोलावलेला पाहुणा वस्तीस येतो. परीक्षेचे भय हे त्याचे नाव. तो आला की घरातील दूरदर्शनसंच मुका होतो, आजी हळू आवाजात बोलू लागते, आई रात्री अकरा वाजता दुधाचा पेला घेऊन उभी राहते, आणि वडील येताजाता ‘झाला का अभ्यास?’ म्हणून विचारतात. ज्याच्यासाठी हे सारे चाललेले असते, तो दहावीचा विद्यार्थी मात्र पुस्तकापुढे बसून एकच पान तिसऱ्यांदा वाचीत असतो, आणि तरीही त्यातील काही मनात उतरत नसते.

या पाहुण्याची व माझी जुनी ओळख आहे. मी स्वतः दहावीत असताना इतिहासाचे पुस्तक आरंभापासून शेवटापर्यंत सात वेळा वाचले होते. महत्त्वाच्या वाक्यांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. कोणते चित्र कोणत्या पानावर आहे, हेही मला सांगता येत असे. परीक्षेच्या दिवशी १८५७ च्या उठावाची कारणे विचारली गेली. ते पान डोळ्यांपुढे उभे राहिले, चित्र दिसले, तांबडी रेघही दिसली. पण त्या रेघेवरचे शब्द काही केल्या आठवेनात! बोटे गार पडली, लेखणी थांबली, आणि शेजारच्या मुलाच्या कागदाची सळसळ मेघगर्जनेसारखी ऐकू येऊ लागली. कसाबसा उत्तीर्ण झालो. आपली स्मरणशक्तीच मंद आहे, अशी समजूत करून घेऊन पुढे मी कित्येक वर्षे मनात खंत बाळगली. शिक्षक झाल्यावर तोच प्रकार अनेक हुशार, कष्टाळू मुलामुलींच्या बाबतीत घडताना पाहिला, तेव्हा कुठे उमगले की, दोष स्मरणशक्तीचा नव्हता. दोष होता तो अभ्यासाच्या रीतीचा. ती रीत कशी सुधारावी आणि तिच्या सुधारण्याबरोबर भयही कसे ओसरते, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

प्रथम हे भय म्हणजे काय, ते पाहू. संकट समोर दिसताच आपल्या मूत्रपिंडांवर असलेल्या ग्रंथी अॅड्रेनलीन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. त्यामुळे हृदय जलद धडधडू लागते, श्वास वाढतो, तळहातांना घाम सुटतो. धावण्याच्या शर्यतीपूर्वी खेळाडूचे नेमके हेच होते. परंतु त्याला आपण भय न म्हणता उत्साह म्हणतो. तात्पर्य, थोडी धडधड ही शत्रू नव्हे. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांवर काही प्रयोग केले. उंदरांनी दोन पेट्यांतून योग्य ती निवडावयाची होती. चुकल्यास विजेचा हलका झटका बसे. निवड सोपी होती तेव्हा जोराच्या झटक्याने उंदीर लवकर शिकले. परंतु निवड अवघड केल्यावर मध्यम झटक्यानेच ते उत्तम शिकले, आणि झटका फार वाढविताच त्यांचे शिकणे उलट मंदावले. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हे खरे. तथापि अवघड कामाच्या वेळी अति ताण घातक ठरतो, हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाचा आहे.

असे का व्हावे? विचार करताना मनाला एकाच वेळी थोड्याच गोष्टी हाताशी धरता येतात. आपण त्याला मनाची छोटी पाटी म्हणू. गणित सोडविताना आकडे, सूत्र आणि पुढची पायरी या साऱ्यांना त्या एवढ्याशा पाटीवर जागा हवी असते. ‘नापास झालो तर? बाबा काय म्हणतील? मावसभावाला तर नव्वद टक्के मिळाले होते!’ या वाक्यांनीच जर ती पाटी भरून गेली, तर सूत्राला जागा उरणार कोठून? पाटी पुसता आली पाहिजे. आणि केवळ ‘घाबरू नकोस’ असे म्हटल्याने ती पुसली जात नाही. ‘हे मला येते’ असा अनुभवातून आलेला भरवसाच ती पुसू शकतो. मग हा भरवसा मिळवावयाचा कसा, हाच खरा प्रश्न होय.

त्यासाठी आपण विसरतो कसे, हे समजून घेतले पाहिजे. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली आपल्या प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने प्रयोगासाठी दुसऱ्या कोणास न घेता स्वतःलाच घेतले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या त्याने तोंडपाठ केल्या, आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती श्रम वाचतात, ते मोजले. एका तासानंतर निम्म्याहून कमी श्रम वाचले. एका दिवसानंतर सुमारे एकतृतीयांश. सहा दिवसांनंतर सुमारे एकचतुर्थांश. आणि महिन्यानंतर सुमारे एकपंचमांश. म्हणजे विसरण्याचा मोठा भाग पहिल्या दिवसातच उरकतो, आणि जे त्यातून टिकते ते पुढे फार सावकाश झिजते. अर्थपूर्ण धडा निरर्थक अक्षरांपेक्षा अधिक टिकतो, हे निर्विवाद. परंतु आरंभी वेगाने व नंतर हळूहळू विसरणे, हा क्रम तेथेही चुकत नाही. त्यामुळे काल शिकविलेले आज आठवत नाही म्हणून स्वतःला मंदबुद्धी ठरविण्याचे कारण नाही. विसरणे हा मनाचा सामान्य धर्म आहे. त्यावर इलाज करणे मात्र आपल्या हाती आहे.

पुन्हा पुन्हा वाचणे हाच तो इलाज, असे बहुतेक विद्यार्थ्यांना वाटते. मलाही तसेच वाटले होते. २००६ साली अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिक यांनी केलेल्या प्रयोगाने या समजुतीतील उणीव स्पष्ट दाखविली. विद्यार्थ्यांनी छोटे उतारे वाचले. त्यानंतर काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले. तर काहींच्या बाबतीत उतारा दृष्टीआड करून जेवढे आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. पण एका आठवड्यानंतर पारडे फिरले. पुन्हा वाचणाऱ्यांना केवळ ४२ टक्के आठवले, आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के! याच प्रयोगमालेत आणखी एक गोष्ट आढळून आली. वारंवार वाचणाऱ्यांना आपल्या स्मरणाविषयी अधिक खात्री वाटत होती. प्रत्यक्षात त्यांनाच कमी आठवले.

माझ्या सात वाचनांचे कोडे येथे सुटते. पान ओळखीचे वाटणे आणि पान आठवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाचताना पुस्तक आपल्याला उत्तर सांगत असते आणि आपण मान डोलावीत असतो. परीक्षेत पुस्तक मिटलेले असते आणि उत्तर आपण सांगावयाचे असते. जे काम वर्षभर एकदाही केले नाही, ते परीक्षेच्या दिवशी प्रथमच करू पाहणाऱ्याला भय वाटणार नाही तर काय? नदीकाठी बसून पोहणाऱ्यांकडे पाहत राहिल्याने कोणी पोहावयास शिकत नाही.

आपल्या जुन्या शाळांतून पाढे म्हणवून घेत, ते याच कारणाने टिकत. दिवेलागणीला मुले ओळीने बसून पाढे, पावकी, निमकी, दिडकी म्हणत. त्या वेळी कोणाच्या हाती पुस्तक नसे. त्या पद्धतीत अर्थाकडे दुर्लक्ष होई, हा तिच्यावरील आक्षेप रास्तच आहे, आणि न समजता केलेली घोकंपट्टी आज कोणी पुरस्कारू नये. परंतु पुस्तक दूर ठेवून आठवण्याचा जो गुण तिच्यात होता, तो मात्र टाकण्याजोगा नव्हता. आधी समजून घ्यावे, मग पुस्तक मिटून आठवावे. हा दोहोंचा मेळ होय.

आता हे प्रत्यक्षात कसे करावे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, आज वर्गात ओहमचा नियम शिकविला गेला. सायंकाळी तो धडा एकदा शांतपणे वाचावा. नंतर पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर स्वतःला प्रश्न विचारावेत: नियम कोणता? सूत्र कोणते? त्यातील प्रत्येक अक्षर कशाचे चिन्ह आहे? नियम लागू पडण्याची अट कोणती? ‘विद्युतधारा ही विभवांतराशी समप्रमाणात असते’ एवढे पुष्कळांना लिहिता येते. पण ‘वाहकाचे तापमान व इतर भौतिक अवस्था कायम असताना’ ही अट निसटते. मग पुस्तक उघडून पडताळा घ्यावा आणि जे निसटले तेवढेच निराळ्या शाईने लिहावे. त्या निराळ्या शाईतील ओळी म्हणजे तुमचा खरा अभ्यासक्रम! बाकीचे तुम्हांला येतच आहे. त्यावर पुन्हा तास घालविण्याचे प्रयोजन नाही. सारे काम वीस-पंचवीस मिनिटांत होते.

यासाठी प्रत्येक विषयाची एक प्रश्नवही करावी. वहीच्या डाव्या पानावर धड्यातील पाच-सहा प्रश्न आणि दिनांक लिहावा. उत्तरे उजव्या पानावर थोडक्यात असावीत. उजवे पान झाकून डाव्या पानावरील प्रश्नांची उत्तरे द्यावयाची, ही दुसऱ्या दिवशीची पहिली उजळणी. त्यानंतरची उजळणी आठवड्याने आणि पुढची महिन्याने करावी. विसरण्याचा वेग आरंभी अधिक असतो म्हणून पहिली उजळणी लवकर हवी, आणि पुढे अंतर वाढवीत गेले तरी चालते. शेत एकदाच पाण्यात बुडवून वर्षभर कोरडे ठेवणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय? पाळीपाळीने पाणी दिले तरच पीक उभे राहते. मार्चमध्ये रात्रंदिवस जागून सगळी पुस्तके पालथी घालणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. तेव्हा ‘रात्र थोडी, सोंगे फार’ अशी अवस्था झाल्यावाचून राहत नाही.

आपल्या सीमाभागातील मराठी शाळांच्या मुलांवर भाषांचाही भार असतो. मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तीन भाषा आणि जोडीला गणित, विज्ञान, समाजशास्त्र, असे सहा विषय सांभाळावयाचे असतात. एका विषयाला सारा आठवडा देऊन मग दुसऱ्याकडे वळल्यास पहिला विसरला जातो. म्हणून एका सायंकाळी दोन-तीन विषय आलटून पालटून घ्यावेत. कन्नडचे शब्द रोज दहा मिनिटे पाहावेत. ते रविवारी दोन तास बसून पाहण्यापेक्षा अधिक टिकतात. गणितात एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडविली की, हात यंत्रासारखा चालतो आणि कोणती रीत लावावयाची हा विचारच करावा लागत नाही. परीक्षेत मात्र तोच विचार करावा लागतो. यास्तव दोन-तीन प्रकरणांतील उदाहरणे मिसळून सोडविण्याचा सराव ठेवावा.

एवढे करून रात्री वेळेवर झोपावे. हा उपदेश ऐकून पुष्कळजण हसतील. पण झोप म्हणजे अभ्यासाला पडलेली खीळ नव्हे, तो अभ्यासाचाच भाग आहे. १९२४ साली जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरसमूह पाठ करवून घेतले. कधी त्यानंतर त्यांना झोपू दिले, तर कधी जागेपणी नेहमीची कामे करू दिली. तितक्याच तासांनंतर पाहता, झोपून उठल्यावर त्यांना कितीतरी अधिक आठवले. पुढील काळातील संशोधनानेही, शिकलेले पक्के होण्यास झोपेचे साह्य होते, असे दाखविले आहे. तुमच्या वयाला आठ ते दहा तासांची झोप हवी. भ्रमणध्वनी उशाशी ठेवून झोपणाऱ्याला ती लाभत नाही; यासाठी त्या यंत्राची रात्रीची जागा स्वयंपाकघरात असावी हे बरे.

या साऱ्याचा परीक्षेच्या भयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्याला मी एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी पूर्वपरीक्षेत ती विज्ञानात अनुत्तीर्ण झाली. जानेवारीच्या अखेरीस एके दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे आली आणि काही न बोलता रडू लागली. तिची वही पाहिली, तर ती मोत्यासारख्या अक्षरांत उतरवून काढलेल्या टिपणांनी भरलेली! कष्टांत कसूर नव्हती. मी म्हणालो, ‘‘बाळ, ही वही मिट आणि परिपाठीच्या मंडलाविषयी जे आठवेल ते सांग.’’ तिला दोन वाक्यांपुढे जाता येईना. त्या दिवसापासून तिने टिपणे उतरविणे थांबविले आणि रोज दोन धड्यांचे प्रश्न पुस्तक मिटून सोडविण्यास आरंभ केला. पहिले आठ-दहा दिवस ती फार निराश होती. कारण आपल्याला काय येत नाही, ते तिला रोज स्वच्छ दिसत होते. ‘‘सर, पूर्वी वाचताना सगळे येते असे वाटायचे, आता तर काहीच येत नाही,’’ असे ती म्हणे. मी तिला सांगे की, अडगळीच्या खोलीत दिवा लावला म्हणजे प्रथम केरच दिसतो; तो दिव्याने आणलेला नसतो. हळूहळू निराळ्या शाईच्या ओळी कमी होऊ लागल्या. परीक्षेच्या दिवशी ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘सर, एक प्रश्न सुटला नाही. पण भीती वाटली नाही. कोणता प्रश्न येणार नाही, हे मला आधीच ठाऊक होते.’’ तिला पहिला क्रमांक मिळाला नाही. पण ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. तिचे ते वाक्य मला गुणपत्रिकेहून मोलाचे वाटते. भय असते ते अंधाराचे. आपल्याला काय येते आणि काय येत नाही, हे ज्याने वर्षभर उजेडात पाहिले आहे, त्याला परीक्षा नवे असे काय दाखविणार?

आता प्रत्यक्ष परीक्षेविषयी दोन शब्द. अखेरच्या तीन आठवड्यांत निदान प्रत्येक विषयाची एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, पुस्तक न पाहता, पूर्ण सोडवावी. आदल्या रात्री नवा धडा उघडू नये. प्रश्नवही चाळावी, लेखण्या, कंपासपेटी व प्रवेशपत्र दप्तरात ठेवावे आणि झोपावे. परीक्षागृहात प्रश्नपत्रिका हाती पडताच ती शेवटपर्यंत शांतपणे वाचावी आणि ज्याचे उत्तर पक्के येते तेथून प्रारंभ करावा. एखादे उत्तर अडले, तर जागा सोडून पुढे जावे. पुष्कळदा ते आपोआप मागाहून आठवते. छाती धडधडू लागली, तर लेखणी खाली ठेवून पाच-सहा वेळा सावकाश श्वास घ्यावा आणि घेतल्याहून अधिक सावकाश सोडावा. यात अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ जातो. घाबरून लिहिलेल्या चुकीच्या उत्तराला त्याहून पुष्कळ जास्त जातो.

शेवटी पालकांना एक नम्र विनंती. आपण मुलासाठी झटता, त्यात मायाच असते. परंतु ‘किती वाचलेस?’ या प्रश्नाऐवजी ‘आज पुस्तक मिटून मला काय सांगशील?’ असे विचारून पाहावे आणि पाच मिनिटे ऐकावे. ऐकणाऱ्याला विषय आलाच पाहिजे असे नाही. मी अशी आजी पाहिली आहे की, तिला अक्षरओळख नव्हती. पण रोज रात्री नातवाकडून ती ‘आज काय शिकलास, मला समजेल असे सांग’ म्हणून सारा धडा वदवून घेई. त्या नातवाला तिच्याहून चांगला शिक्षक मिळाला नाही! शेजारच्या मुलाच्या गुणांशी तुलना करणे मात्र कटाक्षाने टाळावे. तिने अभ्यास वाढत नाही, ती छोटी पाटी मात्र भरून जाते. एका परीक्षेवर सारे आयुष्य अवलंबून नसते, हेही मुलांना आपल्या तोंडून ऐकू द्यावे. कर्नाटकात दहावीसाठी एका वर्षात एकाहून अधिक परीक्षांची सोय आहे. पहिल्या प्रयत्नात जे राहिले ते पुन्हा मिळविता येते. आणि एखादे मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, जगणे नकोसे झाल्याची भाषा करू लागले, तर अभ्यास बाजूस ठेवून त्याला आधी जवळ घ्यावे व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. १४४१६ या क्रमांकावर शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. तिचा आधार घेण्यात कमीपणा नाही.

विद्यार्थिमित्रहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा परीक्षा जवळ आली असेल किंवा अद्याप दूर असेल. दूर असल्यास तुमचे भाग्य थोर. जवळ असली तरी आजची सायंकाळ तुमचीच आहे. एक धडा वाचा, पुस्तक मिटा, आणि कोऱ्या कागदावर लिहू लागा. पहिल्या दिवशी चार ओळींपुढे लेखणी अडेल. अडू द्या! परीक्षागृहात अडण्यापेक्षा ती आपल्या घरी, आपल्या दिव्याखाली अडलेली केव्हाही बरी.